स्वयंपाकघर क्रमांक एकतीस

झाग्रेब, ४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकल्यासारखं करतेस, म्हणून हा कागद. सोबत तीन फॉर्म आहेत. तुमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तुम्ही तिघीच, तू मुख्य बाई आणि दोघी मदतनीस, म्हणून तीन.

आई सगळ्यांना सांगत सुटली आहे की इस्क्रा शाळांचे फ्रीज तपासते. तसं नाही गं. फ्रीज तपासायला निरीक्षक आहेत. माझ्या पीएचडीच्या प्रबंधासाठी मला मोजायचंय ते वेगळं आहे. फ्रीज नीट गार होत नाही हे एखाद्या बाईच्या लक्षात आलं, तर ती ते कोणाला सांगते का? आणि सांगितलं तर पुढे तिचं काय होतं? आमच्याकडे याला 'अन्नसुरक्षेची संस्कृती' म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट एवढीच आहे.

चाळीस स्वयंपाकघरांना फॉर्म धाडलेत. शहरांतून भरून आले, लहान गावांतून अजून एकही नाही. तू मनावर घेतलंस तर यासेनिकचं तरी येईल. फॉर्मवर नाव लिहायचं नाही, फक्त हुद्दा. प्रत्येक स्वयंपाकघराला एक क्रमांक आहे. तुमचा एकतीस. कोणी काय लिहिलं ते माझ्याखेरीज कोणाला कळणार नाही.

एवढंच बघ, की चांगली उत्तरं नकोत. खरी हवीत.

तुझी,
इस्क्रा


यासेनिक, १६ फेब्रुवारी

प्रिय इस्क्रा,

फॉर्म पाठवतेय. काल राजम्याचं पातेलं घासून झाल्यावर तिघी टेबलाशी बसलो. अठ्ठावीस वाक्यं आणि प्रत्येकापुढे एक ते पाच. 'अजिबात पटत नाही' पासून 'पूर्ण पटतं' पर्यंत. श्टेफित्सा म्हणाली, "सगळीकडे पाच लिहू या. पाच लिहिलं की कोणी परत विचारायला येत नाही."

मी म्हटलं, "अगं, ही निरीक्षक नाही, माझी भाची आहे."

"मग तर सहा लिहायला हवं," ती म्हणाली.

तुला श्टेफित्सा आठवत असेल, मोठ्याने हसणारी. बावीस वर्षं आम्ही एका ओट्यावर काढली. यागोदाला तू पाहिलेलं नाहीस. तिला चार वर्षं झाली. दर उन्हाळ्यात तिचा करार संपतो आणि दर सप्टेंबरला नवा होतो. कामाला चोख, बोलायला कमी. तिने फॉर्म दोनदा वाचला आणि मला विचारलं, "नेवेंकाताई, खरंच खरं लिहायचं?"

मी म्हटलं, "लिही. माझा शब्द आहे. पोरगी माझ्या बहिणीची आहे."

ती खिडकीशी जाऊन पाठमोरी बसली. पुढची बाजू भरली आणि मग कागद उलटून मागेही लिहीत राहिली. श्टेफित्सा म्हणाली, "अगं, कादंबरी लिहितेस की काय?" यागोदाने वर पाहिलं नाही. पाकीट तिने स्वतःच चिकटवलं. आत काय आहे मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

तू नीट जेवतेस ना? आईने सांगितलं, तू वाळली आहेस.

तुझी मावशी,
नेवेंका


झाग्रेब, २० मार्च

प्रिय मावशी,

मी तुझी किती ऋणी आहे ते कसं सांगू. एकशे तेरा फॉर्म वाचले. बहुतेकांवर पाच, पाच, पाच. वाचता वाचता माणसाला वाटावं की या देशात शाळेतल्या जेवणाने कधी कोणाचं पोट दुखलंच नसेल. आणि मग तुमचं पाकीट उघडलं.

यागोदाने सतराव्या वाक्यापुढे एक लिहिला आहे. 'आजारी असताना मी अन्नाला हात लावत नाही,' हे ते वाक्य. आणि मागच्या बाजूला लिहिलंय की नोव्हेंबरमध्ये जुलाब होत असतानाही ती दोन दिवस कामावर आली. पुन्हा पुन्हा हात धुतले, पण पाव तिनेच कापला. असं कोणी लिहीत नाही, मावशी. तीन वर्षं मी या एका उत्तराची वाट पाहत होते. अहवालात ते घेणारच आहे, अर्थात नावाशिवाय.

ईस्टरला यायचा प्रयत्न करते.

इस्क्रा


यासेनिक, २ एप्रिल

इस्क्रा,

तू मला ते सांगायला नको होतंस. कोणी काय लिहिलं ते तुझ्याखेरीज कोणाला कळणार नाही, असं तूच लिहिलं होतंस. त्याला दोन महिनेही झाले नाहीत. आता मी रोज सकाळी यागोदाच्या शेजारी बसून बटाटे सोलते आणि तिचं जे मला कळायला नको होतं ते डोक्यात घोळवत असते.

नोव्हेंबरचं म्हणशील तर श्टेफित्सा तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. बदली बाई कोणी मिळाली नाही. मुलं एकशे नव्वद. एवढं ध्यानात ठेव.

त्या मागच्या बाजूला तिने आणखी काही लिहिलं होतं का? नसेल तर बरंच आहे.

ईस्टरला हॅम आणि अक्रोडाचा गोड रोल करतेय. आलीस तर बरं वाटेल.

नेवेंका


झाग्रेब, ११ जून

प्रिय मावशी,

ईस्टरला जमलं नाही आणि उत्तरही फार उशिरा लिहितेय. माझ्यावर रागावू नकोस. तुझं म्हणणं बरोबर होतं. आनंदाच्या भरात माझा तोल गेला.

नाही, तिने आणखी काही लिहिलं नव्हतं.

अहवाल झाला. चाळीस स्वयंपाकघरांत तुमचं सगळ्यांत खाली आलं. तू हे मनाला लावून घेऊ नकोस, मी तसं स्पष्ट लिहिलंय. जिथे माणसं खरं सांगतात तिथे आकडा खाली येतो आणि जिथे सगळं झाकलं जातं तिथे वर चढतो, हाच तर माझा मुद्दा आहे. अहवाल आता सगळ्या नगरपालिकांना गेला आहे. कोणीतरी शहाणा माणूस वाचेल आणि लहान शाळांना एक बदली स्वयंपाकीण देईल, अशी मला आशा आहे.

तुझी,
इस्क्रा


यासेनिक, ३ जुलै

इस्क्रा,

अहवाल वाचला गेला.

गेल्या गुरुवारी मुख्याध्यापकांनी आम्हा तिघींना बोलावलं. टेबलावर तुझे कागद होते. एका ओळीखाली पिवळी रेघ. त्यांनी मोठ्याने वाचलं, मलाही नीट ऐकू येईल असं. 'द्रावा नदीकाठच्या, फक्त तीन कर्मचारी असलेल्या एका स्वयंपाकघरात एका मदतनीस स्त्रीने जुलाब होत असताना दोन दिवस काम केल्याचं नोंदवलं आहे.'

मग त्यांनी मला विचारलं, "नेवेंकाबाई, नदीकाठी तिघींचं स्वयंपाकघर असलेल्या शाळा किती?"

मी म्हटलं, "एक."

"आणि मदतनीस दोन. मग यातली कोण?"

श्टेफित्सा माझ्याकडे बघू लागली. मी खिडकीबाहेर बघत होते. यागोदा म्हणाली, "मी."

"आजारी होतात आणि तरी आलात?"

"आले."

"का?"

ती "चूक झाली," म्हणाली.

नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात तिसरीतली अकरा मुलं पोट बिघडून घरी होती. तेव्हा सगळा गावच आजारी होता. कोणामुळे काय झालं ते देवालाही सांगता आलं नसतं. आता मात्र प्रत्येक आई सांगते. यागोदा पाव घ्यायला गेली की दुकानातल्या बायका बोलायच्या थांबतात. तिचा करार तीस जूनला संपला. सप्टेंबरला नवा होणार नाही, असं तिला दोन ओळींत कळवलंय.

तू नाव लिहिलं नव्हतंस हे मला माहीत आहे. इथे नावाची गरज पडली नाही.

लिहायची घाई करू नकोस.

नेवेंका


झाग्रेब, ९ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तू घाई करू नकोस म्हणालीस आणि मी दोन महिने त्याच्याआड लपले.

मुख्याध्यापकांना मी तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, 'आपल्या उपयुक्त संशोधनाबद्दल आभार.' माझे प्राध्यापक म्हणतात, अहवाल छापून झालाय, आता परत घेता येत नाही, फार तर एक दुरुस्ती जोडू. मला स्वयंपाकघराची जागा आणि माणसांची संख्या एका ओळीत लिहायला नको होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवतात. मीच शिकवते.

पण हे पत्र त्यासाठी नाही. जूनमध्ये मी तुला खोटं लिहिलं. यागोदाने आणखी लिहिलं होतं. तिचे शब्द जसेच्या तसे देतेय:

'मी सकाळी पाच वाजता मुख्य बाईंना फोन केला आणि मला जुलाब होताहेत असं सांगितलं. त्या म्हणाल्या, ये, दुसरं कोणी नाही, तुला भांड्यांवर ठेवते. दहा वाजता पाव कापायला माणूस नव्हतं, म्हणून मी कापला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.'

अहवालात मी मधला भाग गाळला. जागा वाचवायला नाही. तुझ्यासाठी गाळला. मग तुझा फॉर्म काढून पाहिला. एकोणिसाव्या वाक्यापुढे, 'आमच्या प्रमुख आजारी बाईला घरी पाठवतात,' त्यापुढे तू पाच लिहिला होतास. तो पाच मी तसाच बेरजेत धरला.

यागोदाचं वाक्य पूर्ण छापलं असतं तर मुख्याध्यापकांचा 'का?' तिला विचारला गेला नसता. तिची चूक मी ठेवली आणि कारण काढून टाकलं. तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. आपण दोघींनी मिळून हे केलंय आणि ते तुला माहीत असावं, म्हणून लिहितेय.

इस्क्रा


यासेनिक, १४ ऑक्टोबर

प्रिय इस्क्रा,

तुझं पत्र दहा दिवस पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. रोज पीठ काढताना हाताला लागायचं.

हो, फोन आला होता. त्या वेळी माझा कान चांगला चालत होता. यागोदाच्या आवाजावरून कळत होतं की तिला उभंही राहवत नाही. मी म्हटलं, ये. दुसऱ्या दिवशी तिने फोनही केला नाही, आपणहून आली. आजारी माणसाने बरं वाटल्यावरही दोन दिवस स्वयंपाकघरात यायचं नाही, हा नियम भिंतीवर मी स्वतः लावलेला आहे. आणि तुझ्या फॉर्मवर पाच लिहिताना मी थांबलेसुद्धा नाही. मला खरंच वाटलं की मी तशी बाई आहे.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर यागोदाकडे गेले. अंगणात पत्र्याच्या चुलीवर ती मिरच्या भाजत होती, ऐवारच्या चटणीसाठी. लाल मिरच्यांची दोन पोती. मला पाहून तिने दुसरा स्टूल सरकवला. मी न विचारता सोलायला घेतल्या. एक पातेलं भरलं. मग मी म्हटलं, "मुख्याध्यापकांच्या खोलीत मी बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली.

"तू का नाही सांगितलंस? तुझ्या हातात होतं."

"मी फॉर्मवर सांगितलं होतं, नेवेंकाताई. मला वाटलं, ते वाचून कोणीतरी तुम्हाला विचारेल. तुम्हाला, मला नाही. मग त्या कागदात बघितलं तर अर्धंच होतं. म्हटलं, घरातलीच माणसं आहेत, ठरवून केलं असेल."

"ठरवून नाही केलं."

"ते आणखी वाईट," ती म्हणाली आणि मिरच्या उलटायला उठली.

तिच्या हातात राग नव्हता. मिरच्या नेहमीसारख्या सावकाश उलटत होती. मला त्याचाच जास्त त्रास झाला.

सोमवारी मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "आता हे उकरून काय मिळणार? तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे." मी म्हटलं, लिहून घ्या. ते घेईनात. मग मी नगरपालिकेत गेले आणि तिथल्या बाईसमोर बसून स्वतः लिहिलं. फोन, भांडी, पाव, दोन्ही दिवस. खाली सही केली. बाहेर आल्यावर चर्चच्या पायरीवर जाऊन बसले.

काय होईल ते होवो.

नेवेंका


झाग्रेब, २१ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

मी यासेनिकला येऊन गेले. तुझ्याकडे आले नाही, धीर झाला नाही. यागोदाकडे गेले होते. तिचं पूर्ण वाक्य प्रबंधात घेण्याची परवानगी मागितली. मी काय गाळलं आणि का, तेही लिहीन असं सांगितलं. तिने विचारलं, "त्याने तुमची पदवी अडेल का?" मी म्हटलं, वर्षभर तरी. ती मग म्हणाली, "घ्या. पण या वेळी सगळं घ्या. आणि गाव काढून टाका."

प्राध्यापक माझ्याशी धड बोलत नाहीत. एकशे तेरा फॉर्म मी पुन्हा पहिल्यापासून वाचतेय. पाच दिसला की आता मला आधी त्या बाईचा चेहरा डोळ्यांसमोर आणावासा वाटतो.

तुला तिथे काय भोगावं लागलं ते कळव.

इस्क्रा


यासेनिक, १ फेब्रुवारी

प्रिय इस्क्रा,

पुढच्या वेळी यासेनिकला येऊन माझं दार चुकवलंस तर तुझ्या आईला सांगेन.

मला लेखी ताकीद मिळाली. मुख्य बाईच्या जागेवरून काढायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तिथे बसवायला दुसरं कोणी मिळेना. ज्या कारणाने मी यागोदाला बोलावलं त्याच कारणाने मी राहिले. गावात काही जणी आता माझ्याशी बोलत नाहीत. ते मला चालतं.

नगरपालिकेने यागोदाला परत बोलावलं होतं. ती आली नाही. पलीकडच्या गावात वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात लागली आहे. मी विनवायला गेले तर म्हणाली, "तिथे बायका माझ्या हातचा पाव बघून खात नाहीत, नुसता खातात." मग म्हणाली, "माझ्या जागी जी येईल तिला तुम्ही सांगा. तुमच्या तोंडाने, श्टेफित्सासमोर. तेवढं केलंत तर पुरे."

माझ्या जागेवर ल्यूबा आली, नाताळची सुट्टी संपल्यावर. माझ्या जागेवर असं काय लिहिलं मी, यागोदाच्या जागेवर. चाळिशीची आहे, नवऱ्याचं आजारपण काढलेली. घाबरट. सारखी विचारते, बरोबर ना, बरोबर ना. पहिल्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी मुलांची सहल होती. असा आठवडा गेला आणि दुसराही निम्मा संपला.

गेल्या गुरुवारी मॅकरोनी आणि खिम्याचा बेत होता. सकाळी सात वाजता कांदा चिरायच्या आधी मी धूर ओढणारा पंखा बंद केला, नाहीतर मला माझाच आवाज ऐकू येत नाही. म्हटलं, "ल्यूबा, श्टेफित्सा, दोघी ऐका." आणि सांगितलं. आजारी बाईला मी बोलावलं. तिच्यावर आळ आला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या फॉर्मवर मी खोटं लिहिलं आणि तिने खरं, आणि नोकरी तिची गेली. श्टेफित्साला यातलं बरंच माहीत होतं, तरी ती खाली बसली. म्हणाली, "मीही तुझ्याकडेच बघत होते त्या दिवशी. मलाही बोलता आलं असतं."

मी पंखा लावायला वळले तेवढ्यात ल्यूबा म्हणाली, "थांबा."

तिने सांगितलं ते असं. आदल्या दिवशी दुपारी खिमा आला तेव्हा एक क्रेट मागच्या खोलीत राहून गेला होता. सकाळी सहाला तिला तो दिसला. रात्रभर तिथेच, गरम पाइपाशेजारी. तिने तो गुपचूप फ्रीजमध्ये सरकवला, बाकीच्या क्रेटांच्या मधे. "वास येत नाहीये," ती म्हणाली. "मी हुंगून बघितला. मला वाटलं, शिजेल तेव्हा होईल ठीक. मला ही नोकरी हवी आहे हो."

श्टेफित्साने माझ्याकडे पाहिलं. मी फ्रीज उघडला. क्रेट एकमेकांवर होते आणि मधल्याचं पाणी कुठे कुठे गेलं ते कळायला मार्ग नव्हता. पंधरा किलो. आम्ही तिघींनी तो सगळा काढला, पिशव्यांत भरला आणि बाहेर नेला. फ्रीज गरम पाण्याने धुतला. मुलांना पाव, चीज, उकडलेली अंडी आणि सफरचंद दिलं. पहिलीतल्या मुलींनी विचारलं, आज सहल आहे का?

नोंदवहीत श्टेफित्सा लिहायला लागली होती, 'खिमा आला नाही.' मी तिच्या हातातून पेन घेतलं नाही. तिने स्वतःच खोडलं आणि लिहिलं, 'खिमा आला. रात्रभर बाहेर राहिला. फेकला.' खाली ल्यूबाने सही केली, मग मी, मग श्टेफित्साने.

दुपारी मुख्याध्यापक आले. त्यांनी वही वाचली. तिन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. ल्यूबा ओटा पुसत होती, तोच तोच तुकडा. मी तिच्या आणि त्यांच्या मधे जाऊन उभी राहिले.

शेवटी ते म्हणाले, "उद्या काय आहे?"

मी म्हटलं, "बटाट्याचं सूप. आणि आम्ही तिघीही येणार आहोत."

तुझी मावशी,
नेवेंका